दोन विषयांचा एक डॉक्टर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जानेफळ हे मेहकर तालुक्यातले मोठे गाव. पंढरपूरहून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखी मेहकरनंतर इथे येते आणि खामगावकडे निघते. इथल्या आजारी माणसाचीही वाट अशीच टप्प्याटप्प्याची आहे. आधी गावातला दवाखाना, मग मेहकरचे सरकारी रुग्णालय, तिथे भागले नाही तर बुलढाणा, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक टप्प्यावर नातेवाइकांना एकच वाक्य ऐकावे लागते: "याचे डॉक्टर इथे नाहीत, पुढे न्या."

त्यातूनच प्रश्न निघतो: एकाच डॉक्टरला दोन विषयांचे प्रशिक्षण दिले तर? २०२४ मध्ये बुलढाण्यात १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आता जिल्ह्यातल्या अनेक घरांत एमबीबीएसनंतर काय, याची चर्चा होणार आणि "एक करण्यापेक्षा दोन करून टाक" हा सल्लाही मिळणार. हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो ज्या समजुतींवर उभा आहे त्या तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज १ : परदेशासारखे आपल्याकडेही दोन विषयांचे एमडी एकत्र करता येते.

वस्तुस्थिती : मेडिसिन आणि बालरोग, किंवा मेडिसिन आणि मनोविकार, असे दोन मोठे विषय मिळून एकच एमडी भारतात नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक वर्ष, मग नीट-पीजी आणि एका विषयाची तीन वर्षे, असा आपला रस्ता आहे. दुसरा विषय हवा असेल तर पुन्हा नीट-पीजी, पुन्हा प्रवेशाची रांग आणि पुन्हा तीन वर्षे.

अठराव्या वर्षी शासकीय महाविद्यालयात गेलेल्या मुलीचा हिशेब मांडून पाहा. एमबीबीएस आणि इंटर्नशिप साडेपाच वर्षे, बंधपत्राची सेवा एक वर्ष, पहिले एमडी तीन वर्षे, त्यानंतर पुन्हा बंधपत्राचे एक वर्ष आणि दुसरे एमडी तीन वर्षे. प्रत्येक परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात मनासारखी जागा मिळाली तरी वय साडेएकतीस होते.

काही सवलती आहेत, पण त्या वेगळ्या कारणासाठी. दोन वर्षांची पदविका असलेल्या डॉक्टरला त्याच विषयाची डीएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एमडीसारखीच पदव्युत्तर पदवी, तीनऐवजी दोन वर्षांत करता येते. न्यूरोसर्जरीसाठी एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. हे दोन्ही रस्ते एकाच विषयात खोलवर नेतात, दोन विषय जोडत नाहीत.

गैरसमज २ : दोन विषय एकत्र शिकलेला डॉक्टर दोन्हींत कच्चा असतो.

वस्तुस्थिती : नीट आखलेल्या कार्यक्रमात तसे होत नाही. अमेरिकेत मेडिसिन आणि बालरोग यांचे एकत्रित प्रशिक्षण १९६७ पासून चालू आहे. हे दोन विषय वेगवेगळे केले तर तीन आणि तीन अशी सहा वर्षे लागतात, एकत्रित प्रशिक्षण चार वर्षांचे आहे. दोन वर्षे वाचतात ती दोन्ही अभ्यासक्रमांतला सामाईक आणि ऐच्छिक भाग पुन्हा करावा लागत नाही म्हणून. शेवटी परीक्षेत मात्र सवलत नाही. दोन्ही विषयांच्या मंडळांच्या परीक्षा स्वतंत्रपणे द्याव्या लागतात.

या जोडीला अर्थ आहे, कारण अनेक आजार बालपणी सुरू होतात आणि जन्मभर सोबत राहतात. टाइप-१ मधुमेह, जन्मजात हृदयविकार, थॅलेसेमिया, सिकलसेल ही त्यांतली काही नावे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की बालरोगतज्ज्ञ सुटतो आणि नवा फिजिशियन त्याला ओळखत नसतो. या मधल्या काळात औषधे चुकतात, तपासण्या राहून जातात. दोन्ही वयांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर ही फट बुजवू शकतो.

आपल्या भागासाठी याहून महत्त्वाची जोडी आहे मेडिसिन आणि मनोविकार यांची. अमेरिकेत तिचे एकत्रित प्रशिक्षण पाच वर्षांचे आहे. २००६ मध्ये केंद्राने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज दिले, त्यांत बुलढाणा होता. कीटकनाशक प्यायलेला शेतकरी रुग्णालयात येतो तेव्हा पहिले तास फिजिशियनचे असतात. विष फॉस्फरसयुक्त असेल तर ॲट्रोपिन द्यायचे, श्वास सांभाळायचा, गरज पडली तर व्हेंटिलेटर लावायचा. माणूस वाचतो आणि काही दिवसांत घरी जातो. पण ज्या निराशेने त्याला तिथवर आणले ती त्याच्यासोबतच घरी जाते. शरीर वाचवणाऱ्याला मनाचेही शिक्षण मिळाले असेल तर उपचार मध्येच तुटत नाही. तसा डॉक्टर मिळेपर्यंत मनोविकारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय अशा रुग्णाला घरी सोडू नये, हा आग्रह कुटुंबाने धरावा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

गैरसमज ३ : दोन पदव्यांचा एक डॉक्टर दोन डॉक्टरांचे काम करतो.

वस्तुस्थिती : खेड्याच्या दृष्टीने हा सर्वांत घातक गैरसमज आहे. सिझेरियनचेच उदाहरण घ्या. एक डॉक्टर शस्त्रक्रिया करतो. त्याच वेळी दुसरा भूल देऊन आईचा रक्तदाब आणि श्वास पाहतो. बाळ बाहेर येताच रडले नाही तर तिसऱ्याने पहिल्या मिनिटात त्याचा श्वास सुरू करायचा असतो. शिवाय रक्त हाताशी हवे. स्त्रीरोग आणि भूल या दोन्हींचे शिक्षण एकाच व्यक्तीकडे असले तरी त्या क्षणी ती टेबलाच्या एकाच बाजूला उभी राहू शकते. प्रथम संदर्भ रुग्णालयासाठी चोवीस तास सिझेरियन, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठवण या तिन्ही सोयी आवश्यक मानल्या आहेत, त्या यासाठीच.

सरकारने यावर शोधलेला उपाय विचार करण्यासारखा आहे. दोन विषय एका डॉक्टरवर लादण्याऐवजी वेगवेगळ्या एमबीबीएस डॉक्टरांना एकेक जादा कौशल्य शिकवण्याची योजना निघाली. एकाला जीवरक्षक भूल देण्याचे, सुरुवातीला १८ आठवड्यांचे प्रशिक्षण. दुसऱ्याला तातडीच्या प्रसूतिसेवेचे, सुरुवातीला १६ आठवड्यांचे. अशी जोडी तालुक्याच्या रुग्णालयात एकत्र नेमली तर अडलेली बाई तिथेच सुटते. जोडीतल्या एकाची बदली झाली की उरलेल्याचे शिक्षणही वाया जाते. म्हणून अशा नेमणुका जोडीनेच व्हायला हव्यात.

विदर्भात हे डॉक्टर दांपत्यांनी आधीच दाखवून दिले आहे. गडचिरोलीत १९८६ मध्ये 'सर्च' ही आरोग्यसंस्था उभी करणारे डॉ. अभय बंग मेडिसिनचे आणि डॉ. राणी बंग स्त्रीरोगाच्या. मेळघाटात काम करणारे डॉ. आशिष सातव फिजिशियन आणि डॉ. कविता सातव नेत्रतज्ज्ञ. दोन विषय एकाच दाराशी आले ते दोन माणसे सोबत उभी राहिली म्हणून.

गैरसमज ४ : फॅमिली डॉक्टर म्हणजे पुढे शिकायचे राहून गेलेला डॉक्टर.

वस्तुस्थिती : फॅमिली मेडिसिन हा एमबीबीएसनंतरचा स्वतंत्र विषय आहे आणि त्याची डीएनबी इतर विषयांसारखीच तीन वर्षांची आहे. २०२० पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची पदविकाही आहे. मेडिसिन, बालरोग, प्रसूती, किरकोळ शस्त्रक्रिया, मनोविकार अशा अनेक विभागांत काम करून हा डॉक्टर तयार होतो. जानेफळसारख्या गावात एकाच सकाळी ताप आलेले मूल, रक्तदाबाची आजी, गरोदर सून आणि विंचू चावलेला मजूर येऊ शकतात. त्यांच्यासाठी याहून नेमके शिक्षण दुसरे नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही ग्रामीण आणि कौटुंबिक वैद्यकातले पदव्युत्तर शिक्षण वाढवावे असे म्हटले आहे.

ऑस्ट्रेलियाने विरळ वस्तीच्या भागांसाठी हाच मार्ग धरला. तिथल्या ग्रामीण वैद्यक महाविद्यालयाचे प्रशिक्षण चार वर्षांचे आहे. त्यातले एक वर्ष भूल, प्रसूती, मानसिक आरोग्य यांसारख्या एखाद्या विषयात प्रगत काम शिकण्यासाठी असते. पाया रुंद, वर एक पक्के कौशल्य.

आपल्याकडेही शस्त्रक्रियेत असा प्रयत्न झाला. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने ग्रामीण शस्त्रक्रिया या विषयात डीएनबी सुरू केली होती, पण ती रुजली नाही. ग्रामीण सर्जन मात्र काम करत राहिले. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरण्याची पद्धत पुढे आणली. २००३ मध्ये त्यावरचा अभ्यास शस्त्रक्रियेच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

गैरसमज ५ : ॲलोपॅथीसोबत आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकणे म्हणजेच दोन विषयांचा तज्ज्ञ होणे.

वस्तुस्थिती : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बालरोग आणि मेडिसिन हे एकाच वैद्यकशास्त्राचे दोन विभाग आहेत. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि आधुनिक वैद्यक या वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांचे कायदेही वेगळे आहेत.

हा विषय आपल्या तालुक्याच्या जवळचा आहे. केंद्रीय आयुष राज्यमंत्री प्रतापराव जाधव हे बुलढाण्याचे खासदार आणि मेहकर तालुक्याचे. पुदुच्चेरीच्या जिपमेर या केंद्रीय वैद्यकीय संस्थेत एमबीबीएस आणि बीएएमएस यांचा एकत्रित अभ्यासक्रम आणण्याची योजना त्यांनी २०२५ मध्ये सांगितली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने कडाडून विरोध केला. महाराष्ट्रात २०१४ च्या कायदादुरुस्तीने होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, करून मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देण्याची वाट खुली झाली. तिच्यावरचा वाद अजून पेटता आहे. आपण कोणत्याही बाजूचे असलो तरी अशा शिक्षणाने कोणी मेडिसिनचा किंवा बालरोगाचा तज्ज्ञ होत नाही. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की ज्या पद्धतीचे शिक्षण आणि नोंदणी नाही तिचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा आहे.

गैरसमज ६ : पाटीवर अक्षरे जास्त, तो डॉक्टर मोठा.

वस्तुस्थिती : ज्या शाखेची विशेष पदवी नाही त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेण्यास वैद्यकीय आचारसंहितेने मनाई केली आहे. एमबीबीएसनंतर मिळवलेली मान्यताप्राप्त पदवी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदवता येते. आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचे एमडी पाटीवर शेजारी लिहिले तरी ते सारखे होत नाहीत. रुग्णाने नोंदणी क्रमांक आणि मुख्य पदवी विचारावी. त्यात डॉक्टरचा अपमान नाही.

मोठे काम एका पदवीनेही होते. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर मेडिसिनचे एमडी. महाडमध्ये त्यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग अभ्यासला. तिथल्या रुग्णांवरचे त्यांचे काम 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांना पद्मश्री मिळाली. समोर येणाऱ्या रुग्णाकडे वर्षानुवर्षे लक्ष देऊन त्यांनी हे साधले.

मग दोन विषय करावेत की नाही?

विद्यार्थ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे दोन विषय एकाच रुग्णात भेटतात का? मेडिसिन आणि मनोविकार भेटतात, नेत्ररोग आणि अस्थिरोग क्वचितच. दोन्ही वापरायला मिळतील अशी जागा आहे का? सरकारी पदे आज एकेका विषयाची असतात, दोन विषयांच्या डॉक्टरसाठी वेगळे पद नाही. आणि दोन्हींचा सराव टिकेल का? भूल, प्रसूती, शस्त्रक्रिया या हाताच्या विद्या आहेत. त्या वापरात राहिल्या नाहीत तर रुग्णाला धोका होतो. तिन्ही उत्तरे 'हो' असतील तर दुसरा विषय जरूर करावा. पहिला विषय आवडला नाही, किंवा पाटी मोठी दिसावी, म्हणून आयुष्याची तीन वर्षे देऊ नयेत.

जानेफळकरांनी मागणी करायची तर ती दोन पदव्यांच्या डॉक्टरची नको. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात फॅमिली मेडिसिनचे पदव्युत्तर शिक्षण सुरू करा, अशी मागणी हवी. मेहकरला भूल आणि प्रसूतीचे प्रशिक्षित डॉक्टर जोडीने नेमा, अशी हवी. एमडीच्या विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. त्यांतले काही दिवस तालुक्यात द्या, हेही मागायला हवे. मेडिसिन आणि मनोविकार यांचे एकत्रित प्रशिक्षण या देशात सुरू करायचे झाले तर त्याचा पहिला हक्क पश्चिम विदर्भाचा आहे, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत ठामपणे मांडावे.