छपरावरील वीज व विजेची मोटार

घरावर सोलर संच बसविला म्हणजे वीज गेली तरी मोटारीची बॅटरी भरतां येईल, असा पुष्कळ शेतकरीबंधूंचा समज आढळतो. तो खरा नव्हे. २०२४ सालच्या सूर्यघर योजनेंतील साधा संच वीज कंपनीच्या तारांशीं जोडलेला असतो. तारांतील वीज जातांच, खांबावरील कामगारास धक्का बसूं नये म्हणून, तो भर उन्हांतही आपोआप बंद पडतो. दुकानदार हें आपण होऊन क्वचितच सांगतो! संचास निराळी बॅटरी जोडल्यास दिवे-पंखे चालतील. पण मोटार साध्या १६ अँपियरच्या प्लगवरही तासास सुमारें ३ युनिट ओढते. सबब, आमच्या मतें, वीज असेल तेव्हांच मोटार भरून ठेवावी. तिच्यासाठीं स्वतंत्र तार व पक्कें अर्थिंग घ्यावें. पंपाच्या पेटींतून वायर ओढूं नये.