मुलांचे वेळापत्रक का कोलमडते?

बंगळूरहून होसूरकडे निघाले, की इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे बोम्मसंद्रा लागते. औषधांपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत नाना वस्तू बनवणारी ही औद्योगिक वसाहत. याच रस्त्याने तामिळनाडूच्या हद्दीत शिरले, की होसूर येते. तेथे टायटनचा घड्याळांचा कारखाना आहे. बंगळूर शहरात तर एचएमटीने १९६१ मध्येच जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे बनवायला घेतली होती. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण मॅट्रिक पास झालेल्या मुलाच्या मनगटावर वडिलांनी हौसेने बांधलेले ते घड्याळ अनेक घरांच्या कपाटात अजून असेल. गंमत अशी, की घड्याळ मिळायचे पास झाल्यावर, आणि वेळेची खरी ओढाताण व्हायची त्याआधी, नववी-दहावीत!

आजही ती तशीच होते. बोम्मसंद्र्यासारख्या ठिकाणी तर जास्तच, कारण पाळ्यांत काम करणाऱ्याच्या घराचे घड्याळ सारखे बदलत असते. वडिलांची पहिली पाळी असली, की पहाटे साडेचारलाच स्वयंपाकघरातला दिवा लागतो. रातपाळी असली, की ते दिवसा झोपतात आणि दोन खोल्यांच्या घरात मोठ्याने पाठ करायची सोय उरत नाही. आईही नोकरी करणारी असेल, तर धाकट्या भावंडाला सांभाळणे मोठ्या मुलीकडे येते.

अशा घरात जूनमध्ये रंगीत स्केचपेनांनी वेळापत्रक तयार होते. पाच ते सहा गणित, सहा ते सात विज्ञान. तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात, पाचव्या दिवशी ताप येतो, पुढच्या सोमवारी वडिलांची पाळी बदलते. महिन्याभरात तो कागद फक्त भिंतीची शोभा होतो. यात वेळ वाया जाते ते एक वेळ चालेल. पण ‘आपल्याच्याने काही होणार नाही’ ही मुलाची समजूत पक्की होते, ते वाईट. मग ‘झाला का अभ्यास?’ या प्रश्नाला ‘हो’ असे खोटे उत्तर मिळू लागते आणि आई व मुलात रोजची वादावादी सुरू होते.

अंदाजच चुकतो

मूल आळशी असते म्हणून हे घडते का? नेहमीच नाही. कॅनडातील ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास पालकांनी जरूर लक्षात घ्यावा. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. ‘सगळे उलटेच घडले तर?’ असे विचारल्यावर त्यांनी सांगितलेले सुमारे ४९ दिवसही अपुरेच पडले. पदवीच्या शेवटच्या टप्प्यावरची मुले जिथे एवढी चुकतात, तिथे चौदा वर्षांच्या मुलाने काय करावे?

त्याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. पूर्वी अशा कामाला किती वेळ लागला होता हे आठवून आणि त्याचा हातातल्या कामाशी संबंध जोडून अंदाज केला, तर तो बराच बरोबर येतो.

म्हणून शाळेत शिकवायचे असेल, तर वेळापत्रकापासून सुरुवात करू नये. आधी अंदाज करायला शिकवावे. वर्गशिक्षकांनी एखाद्या मोकळ्या तासाला प्रत्येकाला साध्या वहीत दोन रकाने आखायला लावावेत. एकात काम सुरू करण्यापूर्वीचा अंदाज, दुसऱ्यात प्रत्यक्ष लागलेला वेळ. भूगोलाच्या धड्यापुढे अर्धा तास लिहिणाऱ्या मुलीला पन्नास मिनिटे लागली, तर तिने तसेच लिहावे. आठ-दहा दिवसांत आपण कुठे आणि कितीने चुकतो, हे मुलांना आपोआप दिसू लागते.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. या वहीवरून कोणी रागावायचे नाही, शिक्षकांनी नाही आणि आईनेही नाही. एकदा बोलणी बसली, की दुसऱ्या रकान्यातही अंदाजच लिहिला जाईल!

वेळापत्रक त्यानंतर. पाळीच्या घरात ते घड्याळाच्या काट्यांना न बांधता घरातल्या घटनांना बांधावे: बाबा कामावर गेले, की गणित; भाऊ झोपला, की इतिहास. आठवड्यातली एक संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेवावी. राहिलेली कामे तिथे जातात आणि पाहुणे आले म्हणून सगळा डोलारा कोसळत नाही.

सलग बसवत नसेल, तर इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची युक्ती करून पाहावी. विद्यार्थी असताना, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे अभ्यास आणि मग थोडी विश्रांती असा क्रम लावला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो आली, तेव्हा सुरुवातीला दोन गाड्यांमध्ये साधारण एवढेच अंतर असे. म्हणजे तेव्हा फलाटावर एक गाडी चुकलेल्याचा एक धडा वाचून झाला असता. यासाठी गजराचे साधे घड्याळ बरे. मोबाइलवर गजर लावायला गेलेले मूल लवकर परतत नाही.

झोपेतून वेळ काढण्याचा मोह मात्र आवरावा. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते आणि या वयात झोप येण्याची वेळही निसर्गतःच पुढे सरकते. रात्री अकरापर्यंत जागलेल्याला चारला उठवून पाठांतराला बसवले, तर डोळे उघडे राहतील, एवढेच.

तीन तासांचा हिशेब

हीच सवय परीक्षेत कामाला येते. महाराष्ट्रात दहावीचा भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. वाचायला आणि तपासायला वीस मिनिटे ठेवली, तर उरतात १६०. म्हणजे गुणाला दोन मिनिटे. चार गुणांच्या उत्तराला आठ मिनिटे झाली, की पुढे सरकायचे. आवडत्या निबंधावर पाऊण तास घालवून शेवटचे दोन प्रश्न सोडणाऱ्या मुलांना हा हिशेब कुणीतरी आधीच सांगायला हवा.

कर्नाटकात प्रश्नपत्रिका वाचायला आधी १५ मिनिटे मिळतात. महाराष्ट्रात २०२३ पासून जादा १० मिनिटे शेवटी दिली जातात. या मिनिटांचाही सराव लागतो. घरी जुनी प्रश्नपत्रिका सोडवताना कर्नाटकातल्या मुलाने पहिली १५ मिनिटे पेन खाली ठेवून प्रत्येक प्रश्नापुढे किती मिनिटे लागतील ते मनाशी ठरवावे. महाराष्ट्रातल्या मुलाने ती शेवटची १० मिनिटे नसल्याचे समजूनच पेपर सोडवावा आणि मग ती अर्धवट राहिलेल्या उत्तरांसाठी वापरावीत.