किहीमच्या वाळूतून लेण्यांच्या डोंगरात

किहीमचं नाव पक्षीप्रेमींना पाठ असतं ते सुगरणीमुळे. 1930 साली सलीम अली नोकरी गमावून पत्नी तहमीनाबरोबर इथल्या घरात येऊन राहिले. घरासमोर सुगरणींची वसाहत होती. नर एक खोपा अर्धा विणतो, मादीला पसंत पडला की तो पुरा करतो आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी इथे बसून टिपलं. मांडव्याला बोटीतून उतरलेले लोक ही गोष्ट ऐकतात, सुरूच्या बनात फिरतात, पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा गाडीत टाकतात आणि परततात.

त्यांना थांबवून एकच सांगावंसं वाटतं. समुद्राकडे पाहून झालं असेल, तर आता पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. समोर कनकेश्वराचा डोंगर आहे, त्याच्यामागे सागरगड, आणि त्याही पलीकडे धूसर निळी सह्याद्रीची रांग. त्या रांगेत आणि तिच्या अलीकडच्या टेकड्यांत लेणी आणि किल्ले जोडीजोडीने बसलेत. लेणं पाहायचं तर शेजारचा किल्ला सोडायचा नाही आणि किल्ला पाहायचा तर पायथ्याचं लेणं, हा आमच्या सहलींचा नियम आहे. दोघांचा खडक एक, वाट एक, आणि दोघांनाही लागणारी पहिली गोष्टही एकच: पाणी.

आधी समुद्रातली जोडी

ओहोटीच्या वेळी किहीमच्या वाळूवरून दक्षिणेकडे पाहिलं की खांदेरी आणि उंदेरी दिसतात. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. बेट त्यांच्या बंदराच्या तोंडावरच होतं. त्यांनी जहाजं आणून नाकेबंदी केली. मायनाक भंडारी आणि त्यांच्या माणसांनी लहान, चपळ होड्यांतून रसद पोचवत काम चालू ठेवलं. मोठ्या गलबतांना वारा पडला की हलता येत नसे, वल्ह्यांच्या होड्या मात्र पळत. खांदेरी उभी राहिलीच. मग जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, आणि पुढे कित्येक वर्षं ही दोन बेटं एकमेकींवर तोफा रोखून होती. आजही ती इतकी जवळ दिसतात की तो शेजार कसा असेल याची कल्पना येते.

खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे, ते कोळी बांधवांचं श्रद्धास्थान. तिथेच एक भलामोठा दगड आहे. त्यावर लहान दगड आपटा, भांड्यावर वाजवल्यासारखा धातूचा नाद येतो. मुलांना त्या दगडापासून हलवणं अवघड जातं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले, त्यात ही खांदेरी आहे, रायगड आहे आणि घाटमाथ्यावरचा लोहगडही आहे.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. जाताना तटाचे दगड नीट पाहा. प्रचंड चिरे एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट येते, फटींत शिरते, तिचा जोर आतच मोडतो. चुन्याने सांधे बंद केले असते तर प्रत्येक लाट पुऱ्या ताकदीने भिंतीवर आदळली असती. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची विहीर आहे. ते पाणी चाखल्याशिवाय मी कुणाला परत आणत नाही.

मुंबईहून येणाऱ्यांना जाता जाता सांगतो: घारापुरी म्हणजे फक्त शिवाची लेणी नव्हेत. त्याच बेटावरच्या दुसऱ्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, आणि लेण्यांच्या वरच्या टेकडीवर तोफा. एका बेटावर तिन्ही.

चौलचं सोनं, कान्हेरीचं पाणी

चौल आज नारळी-सुपारीच्या वाड्यांत लपलेलं शांत गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत आपल्या किनाऱ्यावरच्या बाजारपेठांची यादी आहे. त्यात कल्याणनंतर लगेच चौल येतं, सेमिल्ला या नावाने. आपल्या शिलालेखांत ते चेमुल आहे. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत चेमुलच्या दात्यांचे लेख आहेत. सोन्या-नाण्याच्या व्यवहारातल्या तिथल्या माणसांनी कान्हेरीला दान दिलं ते पाण्याच्या टाक्याचं! इथल्या पेढीवर कमावलेला पैसा खाडी ओलांडून भिक्खूंच्या पिण्याच्या पाण्यासाठी गेला. मला हे वाचलं की चौलच्या प्रत्येक वाडीतल्या विहिरीकडे वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं.

चौलमध्येही हिंगलाज देवीच्या डोंगरात छोटी लेणी कोरलेली आहेत. पायऱ्या चढणारे बहुतेक जण देवीचं दर्शन घेऊन उतरतात, लेण्यांकडे वळत नाहीत. पाच मिनिटांसाठी तरी वळा. रशियाहून निघालेला अफनासी निकितीन हा व्यापारी 1469 मध्ये भारतात पहिलं पाऊल ठेवता झाला ते याच चौलच्या बंदरावर. त्याच्याआधी सुमारे चौदाशे वर्षं इथे जहाजं लागत होती.

कुडा: इथे रेंगाळायचं

आता आमच्या सगळ्या फेरीतलं माझं सर्वांत लाडकं ठिकाण. रोहा-तळा मार्गे मांदाडच्या खाडीवर उतरायचं. राजपुरीच्या खाडीचा हा आतला फाटा, जंजिरा तिच्या तोंडाशी. वर टेकडीच्या कुशीत 26 बौद्ध लेणी. त्या ग्रीक यादीत सेमिल्लानंतर मंदगोरा येतं, आणि अनेक अभ्यासक ते म्हणजे मांदाड मानतात. कुड्याच्या लेखांत मांदव नाव येतं, इथल्या महाभोज घराण्याचं. ओठांवर खेळवून पाहा: मांदव, मांदाड.

कुड्याची खरी दौलत म्हणजे भिंतींवरची ब्राह्मी अक्षरं. राजाने लेणं दिलं आणि नाव कोरलं, एवढंच इथे नाही. इथे अख्खं गाव भिंतीवर आहे. एक लेणं सोमदेव नावाच्या वैद्याचं, वडील इसिरखित तेही वैद्य. दानात त्याची मुलं आणि मुली दोघांचीही नावं आहेत, मुलींची गाळलेली नाहीत. एक दान मालाकाराचं, म्हणजे फुलं विकणाऱ्या माळ्याचं. एक लोखंडाच्या व्यापाऱ्याचं, तो कऱ्हाकडचा, म्हणजे आपल्या कराडचा. घाट उतरून लोखंड इथवर येत होतं! आणि एक चैत्यगृह भयिला नावाच्या ब्राह्मण बाईचं, अयितिलु या ब्राह्मण उपासकाची ती बायको. जातीधर्माच्या कुंपणांविषयी पुस्तकी बोलण्याआधी माणसाने भयिलाच्या लेण्यासमोर दोन मिनिटं उभं राहावं.

आणि लेखक! महाभोजाच्या दरबारी कारकुनी करणारे शिवभूती आणि शिवम हे दोघे भाऊ, आईवडिलांची नावं सुलसदत्त आणि उत्तरदत्ता. दोघांनीही लेणी दिली. धाकट्या शिवमच्या लेखात बायको विजया आहे, मुलं आहेत, आणि कोरीव कामाचा खर्च घरातल्या बायकांनी उचलल्याची नोंद आहे. हे सहावं लेणं. याच्या दर्शनी भागात हत्ती आहेत आणि आत दंपतीच्या मोठ्या मूर्ती. संध्याकाळचं तिरकं ऊन पडतं तेव्हा अक्षरांच्या खाचा काळ्या होतात आणि लेख स्वच्छ दिसतो. दुपारी आलात तर तीच भिंत कोरी वाटेल. म्हणून कुड्याला चारनंतर.

गेल्या खेपेला आमच्यात एक निवृत्त परिचारिका होत्या, सत्तरीच्या पुढच्या. वैद्याचा लेख मी वाचून दाखवला तसा त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, “म्हणजे हे आमच्यातलेच की हो.” मला त्या दिवशी आणखी काही सांगावं लागलं नाही.

आपण ज्याला लेणं म्हणतो त्याला हे लेखही ‘लेण’च म्हणतात. दोन हजार वर्षांत शब्द जवळजवळ तसाच आपल्या तोंडी राहिलाय. दानाला शब्द ‘देयधम’. पाण्याच्या कोरीव टाक्याला ‘पोढी’, आणि जुन्या वास्तूंवर काम करणारे लोक आजही पोढीच म्हणतात.

कुड्याची जोडी म्हणजे तळगड आणि घोसाळगड. खाडीतून वर येणाऱ्या मालावर आधी भोजांचं लक्ष होतं, मग या किल्ल्यांचं. वाट बदलली नाही, पहारेकरी बदलले.

सुधागडच्या अंगणात

पालीच्या बल्लाळेश्वराला गणेशभक्तांची रीघ असते. तिथून पुढे नाडसूरजवळ ठाणाळ्याची 23 लेणी आहेत आणि नेणवलीच्या रानात खडसांबळ्याची 37. ठाणाळ्याजवळून वाघजाईची वाट घाटावर तेलबैलाकडे चढते. दोन जुळ्या भिंतींसारखे तेलबैलाचे कडे खालूनच दिसतात. डोक्यावर सुधागड, जुनं नाव भोरपगड, माथ्यावर भोराई देवी. त्याचा महादरवाजा पाहिलात की रायगडच्या महादरवाजाची आठवण होणार, तशीच गोमुखी घडण आहे. इथली चाल दमछाक करणारी आहे, वाटाड्याशिवाय रानात शिरू नका. स्थानिक आदिवासी वाड्यांतली मुलं ही वाट तळहातासारखी ओळखतात. त्यांना योग्य पैसे द्या आणि घासाघीस करू नका.

कोंडाण्याचा बलक

कर्जतजवळ कोंडिवड्यातून चढून कोंडाणे लेण्यापाशी आलात की डावीकडे पाहा. कातळात एक मोठा चेहरा होता, आता बराचसा झडलाय, पण फेट्यासारखं भरघोस शिरोवेष्टन ओळखू येतं. त्याच्या बाजूला एक ओळ कोरलेली आहे: कण्हस अंतेवासिना बलकेन कतं. कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. कण्ह म्हणजे कृष्ण, आपला कान्हा. राजाचं नाव नाही, तारीख नाही. गुरूचं नाव आधी, मग स्वतःचं. दोन हजार वर्षांपूर्वीची ही सही बोटभर अंतरावरून पाहता येते. बोट मात्र लावू नका, आधीच पुष्कळ झडलंय.

या लेण्याची कमान पाहताना लाकडी इमारत समोर आहे असंच वाटतं. तुळया, जाळ्या, कठडे, सगळं सुताराच्या हातचं, फक्त दगडात. चैत्य वरून खाली कोरत आणत, म्हणजे छत आधी आणि जमीन शेवटी, त्यामुळे परांचीची गरज पडत नसे. पण एक घाव चुकला तर दगड परत जोडता येत नाही.

वर राजमाची, श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. गडावरची टाकी पाहा आणि मग लेण्यातल्या पोढ्या आठवा. किल्लेकऱ्यांनी टाकं खोदलं की निघालेला दगड तटाला लागे, एका कष्टात पाणीही आणि भिंतही. लेणं कोरणाऱ्याला मात्र पोकळी हवी होती, निघालेला दगड त्याच्या दृष्टीने टाकाऊ. खडक फोडायची विद्या तीच, हेतू उलटे.

कार्ला, आणि एकवीरा आई

किहीम-थळ पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांना कार्ल्याचा रस्ता सांगावा लागत नाही. चैत्रात पालख्या घेऊन ही मंडळी एकवीरेला जातात, ती आमच्या किनाऱ्याची कुलस्वामिनी. देवीचं देऊळ चैत्याच्या अगदी दाराशी आहे. नवस फेडून झाला की त्याच पावलांनी आत शिरायचं. 124 फूट लांबीचं ते दालन, वर कमानी छताला बसवलेल्या सागवानी फासळ्या. त्या तिथे आजही आहेत, मूळच्या. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल शेठने हे शैलगृह पुरं केलं आणि लेखात त्याला जंबुद्वीपात उत्तम म्हटलं. आत उभं राहिल्यावर त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं आहेत. समोर दरीपलीकडे भाजे, त्यावर लोहगड-विसापूर. लोहगडाचा विंचूकाटा इथल्या रस्त्यावरून ओळखू येतो.

महाडला गांधारपाल्याची लेणी मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला आहेत, रायगडला जाताना दिसतातच. तिथून महाड शहरातलं चवदार तळं हाकेच्या अंतरावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या पाण्याची ओंजळ भरली. पाण्याच्या दानाचे लेख पाहत आलेल्या माणसाने तिथे जायलाच हवं.

सहली दसऱ्यानंतर होळीपर्यंत, असं सगळेच सांगतात. वाटा कोरड्या असतात, खांदेरीला थळहून होडी मिळते, मीही तेच सांगतो. पण एक फेरी तरी भर पावसात करा, रानवाटा सोडून, फक्त कुड्याची. भिक्खू वर्षभर हिंडत आणि पावसाचे महिने एका जागी राहत, त्या वर्षावासासाठी तर ही घरं कोरली. श्रावणात खाडीवर धुकं असतं, कातळावरून पाणी निथळत असतं. लेण्याच्या ओट्यावर बसा. थेंब ओघळत पोढीत पडतो तो आवाज ऐकत राहा. सोमदेव वैद्याच्या दाराशी हाच आवाज होता.