मारधाड, रणांगण आणि मालेगावचा सुपरमॅन

धुळे-जळगावच्या प्रेक्षकाला मारधाडीचा, युद्धाचा आणि अद्भुताचा चित्रपट सारखाच प्रिय असला, तरी या तिन्हींची योग्यता मी सारखी मानीत नाही. मारामारी ही बहुतांशी कसरत. तिच्याविषयी अधिक लिहिण्याची तसदी घेण्याचे कारण नाही. युद्धपटाची परीक्षा मात्र कठोर असावी: १९६२च्या चीन-युद्धातील पराभवावर चेतन आनंद यांनी १९६४ साली काढलेल्या ‘हकीकत’मधील माघार घेणाऱ्या शिपायांची करुण दशा ज्याने पाहिली, त्याला लोंगेवालाच्या लढाईतील विजयावरील ‘बॉर्डर’ (१९९७) गर्जना पुष्कळ असूनही उथळच वाटणार.

अद्भुतरसाचा खरा चमत्कार मात्र आमच्या शेजारी, धुळ्याहून आग्रा रस्त्याने दक्षिणेस लागणाऱ्या मालेगावात घडला. यंत्रमागांच्या या कसब्यात शेख नासिर या हौशी दिग्दर्शकाने, ‘शोले’ची स्थानिक आवृत्ती काढून झाल्यावर, सुपरमॅनलाच आपल्या मुलखात आणण्याची तजवीज केली, आणि जो पराक्रम परदेशी कारखाने अमाप द्रव्य ओतून साधतात, तो हिरव्या पडद्यासमोर, तुटपुंज्या साधनसामग्रीवर, शफीक शेख नावाच्या कृश यंत्रमाग कामगाराला अधांतरी धरून साधला. (फाळक्यांनी १९१७च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता दोन्ही साळुंके या एकट्या नटाकडूनच वठवून घेतली होती, काटकसरीची ही परंपरा जुनीच आहे.) शफीक २०११ साली कर्करोगाने गेला. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट वाचकांनी मिळवून अवश्य पाहावा.