अंतर दहा मिनिटांचे, प्रवास मात्र तासांचा

भंडारा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. पण दोन्ही बाजूंना एकेक आहे. पश्चिमेला नागपूर, ईशान्येला गोंदियाजवळचे बिरसी. बिरसीची धावपट्टी 1940 मधली, ब्रिटिश काळातली. तिथून नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली ती मार्च 2022 मध्ये. या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे 138 किलोमीटर आहे. ताशी 800 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला त्यासाठी जेमतेम दहा मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात तसे घडू शकत नाही.

याचे कारण उंचीत आहे. जेट विमान तो वेग गाठते साधारण 35 हजार फुटांवर. तिथून उतरताना दर हजार फुटांमागे साडेपाच किलोमीटर अंतर लागते, असा वैमानिकांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे नुसते उतरायलाच 190 किलोमीटर हवेत. 138 किलोमीटरच्या टप्प्यात विमान कमी उंचीवर आणि कमी वेगानेच राहणार.

शिवाय तिकिटावरची वेळ ही केवळ हवेतली वेळ नसते. विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून पोहोचल्यावर जागेवर थांबेपर्यंतचा काळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत सरकणे, परवानगीसाठी थांबणे, वळसा घेऊन उतरणे हे सारे त्यात आले. लांबच्या प्रवासात वाराही हिशेबात घ्यावा लागतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. त्यामुळे मुंबईकडे जाताना विमानाला ते समोरून अडवतात, तर नागपूरकडे येताना मागून ढकलतात.

नकाशावरच्या सरळ रेषेचेही तसेच. भंडारा शहरापासून नागपूर विमानतळ सरळ रेषेत सुमारे 63 किलोमीटर, तर बिरसी 77 किलोमीटर. पण माणूस सरळ रेषेत जात नाही. एकीकडे कन्हान ओलांडायची, दुसरीकडे वैनगंगा. त्यात गावे, फाटके, वाहतूक. त्यावर तपासणीसाठी आधी पोहोचण्याचा वेळ.

हा फरक कधी कधी जिवावर बेततो. अवयवदानात मिळालेले हृदय शरीराबाहेर काढल्यावर साधारण चार तासांत दुसऱ्या शरीरात धडधडू लागावे लागते. मूत्रपिंडाला त्या मानाने बराच अधिक अवधी मिळतो. नागपूर ते मुंबई हवाई अंतर 680 किलोमीटरच्या आसपास. उड्डाणातच सव्वा ते दीड तास जातो. उरलेल्या वेळात दोन्ही शहरांतला रस्ता आणि शस्त्रक्रियेचा महत्त्वाचा भाग बसवायचा असतो. विमानाचा वेग वाढवता येत नाही. वाचवता येतात ती रस्त्यावरची मिनिटे. म्हणूनच पोलिस वाहतूक थांबवून रुग्णवाहिकेसाठी ‘ग्रीन कॉरिडॉर’ करतात.

रुग्णाला मोठ्या शहरात हलवायचे असेल, तर कुटुंबीयांनीही हिशेब असाच करावा. विमान किती वेळात पोहोचते, एवढेच विचारून भागत नाही. घरातून किंवा दवाखान्यातून निघाल्यापासून तिकडच्या खाटेवर पोहोचेपर्यंत एकूण किती तास लागतील आणि त्यातले किती तास रुग्ण वैद्यकीय देखरेखीविना राहील, हे डॉक्टरांना आधी विचारावे. विमान निवडायचे की रुग्णवाहिका, हे त्या उत्तरावर ठरते.