नारू : एका शाखारोगाचे नाव

बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडसारख्या गावी बोलीतील रोगनामे टिपण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यास एका शब्दापाशी थांबावे लागते. हातापायांचे इतर रोग खूण करून दाखविता येतात. ‘नारू’ मात्र तिशीच्या आतील कोणी पाहिलेला नसतो. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. रोग गेला, शब्द उरला आहे. तोही ज्यांच्या स्मरणात आहे त्यांच्यापुरताच.

शब्दाची व्युत्पत्ती मोठी बोलकी आहे. पाली ‘नहारु’ व प्राकृत ‘ण्हारु’ यांचा अर्थ स्नायू, शिरेसारखा तंतू. आरंभीच्या ‘स्न’चा ‘ण्ह’ होणे प्राकृतास नवे नाही. स्नानापासून ‘न्हाणे’ याच वाटेने आले. ‘न्हाणे’मध्ये हकार टिकला, ‘नारू’मध्ये तो लोपला, एवढाच भेद. यातील रकार संस्कृत ‘स्नायु’मधील यकाराचा विकार मानण्याचे कारण नाही. अवेस्तेत याच अर्थाच्या ‘स्नावर’ या शब्दात रकार आहेच. म्हणजे ‘नारू’मध्ये संस्कृत ‘स्नायु’पेक्षा निराळी अशी एक जुनी परंपरा जपली गेली असावी.

त्वचेतून बाहेर पडणारा पांढरा दोरा लोकांनी शिरेच्या नावाने ओळखला. संस्कृत वैद्यकात रोगाचे नाव ‘स्नायुक’ असेच आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त त्याची गणना शाखांच्या, म्हणजे हातापायांच्या विकारांत केली असून, तंतू मध्येच तुटल्यास अवयव आखडतो व लंगडेपणा येतो, असे म्हटले आहे. हे निरीक्षण अचूक आहे. अरबांनी त्यास ‘मदिनेची शीर’ म्हटले, फारसीत तो ‘रिश्ता’ म्हणजे दोरा झाला. तुलसीदासाने ‘रामचरितमानसा’त मनोविकारांस रोगांची नावे देताना ‘नेहरुआ’ योजला आहे. त्या काळी तो किती परिचित असेल, हे यावरून कळते.

सर्व नावे पायापाशी जे दिसते त्याची आहेत. कारण पाण्यात होते. ते 1870 च्या सुमारास रशियन संशोधक फेडचेन्को याने दाखविले. या कृमीच्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलचर गिळतो आणि तो पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो. सुमारे वर्षभराने 60 ते 100 सेंटिमीटर लांबीची मादी बहुधा गुडघ्याखाली फोड आणून बाहेर डोकावते. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो, त्याच क्षणी मादी अळ्या सोडते, आणि तेच पाणी गाव पिते. उपाय एकच होता : कृमी काडीवर गुंडाळीत दररोज थोडा थोडा ओढणे. यास कित्येक आठवडे लागत, आणि तेवढे दिवस शेतकऱ्याचे शेत पडून राही.

दुसरबीड ज्या तालुक्यात येते त्या सिंदखेड राजा येथील पुतळा बारव शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे. अशा पायऱ्यांच्या विहिरींचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु पायऱ्या उतरून पाण्यात पाय ठेवण्याची सोय हीच नारूची सोय होती. पोहऱ्याने पाणी काढण्याच्या, कठडा असलेल्या विहिरीत हे चक्र तुटते. 1983-84 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमात महाराष्ट्रही रोगग्रस्त राज्यांत होता. या रोगास लस नाही, कृमिनाशक औषधही नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणे, जलाशयात टेमेफॉस टाकणे, बारवांच्या पायऱ्या बंद करणे आणि कूपनलिका खोदणे, एवढ्यावर काम झाले. 1986 मध्ये जगात अंदाजे 35 लाख रुग्ण होते. 2024 मध्ये माणसांतील नोंद 15 वर आली.

कोशांत शब्द सुरक्षित आहे. मोल्सवर्थने तो दिलेला आहे. परंतु नारू कसा काढीत, काडी कशाची घेत, त्या दिवसांत रोग्यास पाणवठ्यावर येऊ देत की नाही, यांचे शब्द वृद्धांकडूनच मिळतील. ते टिपताना ‘कारू-नारू’मधील नारूशी गल्लत होऊ देऊ नये. तो अलुतेदारांचा वाचक आहे. या कृमीशी त्याचा संबंध नाही.