बुटक्या भाताचे निदान तुडतुड्यात

पंजाब आणि हरियाणात भाताची वाढ खुंटल्याच्या तक्रारी २०२२ नंतर २०२५ च्या खरिपातही आल्या, आणि दोष खतात किंवा बियाण्यात नसून ‘सदर्न राइस ब्लॅक-स्ट्रीक्ड ड्वार्फ’ या विषाणूत असल्याचे प्रयोगशाळेतील तपासणीने दाखवले. मात्र बुटकेपणा डोळ्यांना दिसेपर्यंत लावणी उरकलेली असते, आणि रोगट रोपाला बरे करणारे औषध नसल्याने ते उपटून टाकण्यापलीकडे शेतकऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

हा विषाणू बियाण्यातून येत नाही. पांढऱ्या पाठीचा तुडतुडा रोगट रोपाचा रस शोषताना तो पोटात घेतो, तेथे विषाणूची वाढ होते आणि साधारण एक ते दोन आठवड्यांनी तो कीटक इतर रोपांना रोग देऊ लागतो. कोवळ्या वयात लागण झालेल्या रोपाचे नुकसान सर्वाधिक होत असल्याने, रोग शोधण्याची खरी जागा रोपवाटिकेवर उतरलेला तुडतुडा हीच ठरते.

त्यासाठी प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट परक्या प्रथिनाला ओळखून चिकटणारी प्रथिने, उपयोगी पडतात. विषाणूच्या कवचातील प्रथिन उंदराला टोचले की त्याच्या प्लीहेतील पेशी प्रतिपिंडे बनवू लागतात, पण त्या अल्पायुषी असल्याने अखंड वाढणाऱ्या कर्कपेशींशी त्यांचा संयोग घडवतात. कोहलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये शोधलेल्या आणि १९८४ च्या नोबेलने गौरवलेल्या या तंत्रातून एकाच प्रकारची, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंडे हवी तेवढी मिळतात. भाताच्या या विषाणूंबाबत अडचण वेगळीच आहे: ते रोपाच्या अन्नवाहिन्यांपुरते मर्यादित राहत असल्याने शुद्ध विषाणू पुरेसा मिळवणे कष्टाचे असते, म्हणून कवच-प्रथिनाचे जनुक जिवाणूत घालून ते प्रथिन तयार करवतात, परंतु त्याची घडी मूळ प्रथिनासारखी बसली नाही, तर मिळालेले प्रतिपिंड प्रयोगशाळेतील प्रथिन ओळखते आणि शेतातील विषाणू ओळखत नाही.

चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या झोऊ शुएपिंग आणि वू जियानशियांग यांच्या गटाचे काम म्हणूनच विशेष मोलाचे आहे. ‘राइस ब्लॅक-स्ट्रीक्ड ड्वार्फ’ या भाऊबंद विषाणूसाठी त्यांनी २०१३ मध्ये तीन मोनोक्लोनल प्रतिपिंडे प्रसिद्ध केली आणि रोपांबरोबर तुडतुड्यांचीही तपासणी केली. ठिपका-एलायझा या पद्धतीत एकच तुडतुडा द्रावणात चिरडून त्याचा थेंब पातळ पटलावर ठेवतात, त्यावर प्रतिपिंड आणि मग रंग देणारे विकर सोडतात. विषाणू असेल तर तेथे जांभळा ठिपका उमटतो, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

पीसीआर तपासणी अधिक संवेदनशील आहे, यात शंका नाही, तसेच भाऊबंद विषाणूंची प्रथिने सारखी असल्याने प्रत्येक प्रतिपिंड त्या सर्वांविरुद्ध तपासून घ्यावे लागते. तरीही शेकडो तुडतुडे थोड्या वेळात तपासायचे असतील तर ठिपक्याची पद्धतच अधिक व्यवहार्य आहे. पांढऱ्या पाठीचे तुडतुडे कोकणात आणि पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातही असतात; त्यामुळे प्रकाशसापळ्यात सापडलेले तुडतुडे केवळ मोजून न थांबता ते विषाणूसाठी तपासण्याची सोय कृषी विद्यापीठांनी आणि कृषी विभागाने रोपवाटिका टाकण्यापूर्वीच उभी करावी.